डिसेंटचा रकाना

५ फेब्रुवारी, सोमवार

चार महिन्यांनी कामावर गेले. मोडलेला पाय अजून कुरकुरतो, काठी लागते, पण घरी बसून मीच त्याच्यापेक्षा जास्त कुरकुरायला लागले होते, असं ह्यांचं म्हणणं. डबा हातात देताना म्हणाले, "जा बाई, आम्ही काय भोगलं ते जरा कारखान्यालाही कळू दे."

फाटकावरच्या रखवालदाराने सलाम ठोकला. "आलं का नाक परत?" मला सगळे नाकच म्हणतात. समोर म्हणतात हे त्यातल्या त्यात बरं.

आमचं काम लोकांना सांगितलं की हसतात. कारखान्यात तान्ह्या बाळांच्या दुधाची पावडर तयार होते, आणि ती बाहेर पडायच्या आधी आम्ही तिघं ती कोमट पाण्यात कालवून चाखतो. मजा आहे तुमची, म्हणतात. मजा! वीसेक वर्षं कामाच्या दिवशी कांदा नाही, लसूण नाही, वासाचा साबण नाही, केसांना तेल नाही. लाल दिव्याच्या एवढ्याशा कप्प्यात एकटीने बसायचं, म्हणजे पेल्यातला रंग दिसत नाही आणि शेजाऱ्याचं तोंडही दिसत नाही. समोरच्या झडपेतून पेला येतो. घोट घोळवायचा, थुंकायचा, चूळ भरायची आणि लिहायचं, थोरलीशी जुळतो की नाही.

थोरली म्हणजे आमचा मूळ नमुना. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, कुलपाच्या कपाटात असते. किल्ली माझ्याकडे, कारण तिघांत मी प्रमुख. रोज सकाळी कामाआधी तिघांनी मिळून थोरलीचा एकेक घोट घ्यायचा, त्याला आम्ही सूर लावणं म्हणतो. पावडर काही जन्मभर टिकत नाही, म्हणून अधूनमधून पास झालेल्या मालातूनच नवी थोरली निवडायची, जुनीशी पडताळून. मी नव्हते तेव्हा दोनदा बदलली म्हणे.

तर आज सूर लावायला बसलो. काका, धाकटी आणि मी. काकांनी मला हे काम शिकवलं, आता निवृत्तीला आलेत. धाकटी दीड-दोन वर्षांपूर्वी लागली, बाळंतपणाची रजा संपवून नुकतीच परत आलीय. मी पहिला घोट घेतला आणि थांबले.

सुरुवात ठीक होती. साय, थोडा गोडवा, सगळं जागच्या जागी. मग घोट थुंकल्यावर घशाच्या मागे एक वास आला. रबरी चपलांच्या दुकानात शिरल्यावर येतो तसा, पण दुकान चार गल्ल्या लांब असावं इतका पुसट.

"काका, काही लागतंय?"

"काय लागायचंय? थोरली आहे ती." काकांनी चूळ भरली. "चार महिने औषधं खाल्लीस. जीभ जड झाली असेल."

असेल बाई. दिवसभरात आलेला सगळा माल थोरलीशी जुळला. जुळणारच, त्यालाही तोच वास होता. मी सगळीकडे 'जुळतो' लिहिलं आणि घरी आले. जेवण गेलं नाही.

६ फेब्रुवारी, मंगळवार

आजही तोच. औषधं बंद होऊन महिना उलटला. सर्दी नाही, ताप नाही. तरी मनात पाल चुकचुकली की वय झालं असेल. नाक गेलं तर माझ्यात उरलं काय? बाकीची मी काही फार खास नाही.

काका चक्क तोंडात पेपरमिंटची गोळी ठेवून कप्प्यात शिरले! ज्या माणसाने मला एकदा लवंग चघळली म्हणून अर्ध्या दिवसाच्या रजेवर घरी धाडलं होतं, तो माणूस! विचारलं तर म्हणाले, दाढ ठणकते. म्हटलं, मग दाताच्या डॉक्टरकडे जा ना. मान हलवली आणि गेले आत. म्हातारपण वाईट.

चाखून उरलेले डबे आम्ही घरी न्यायचे अशी जुनी रीत आहे. धाकटीने आज तिचा डबा घेतला नाही, मला म्हणाली तुम्हीच न्या. म्हटलं, अगं बाळाला? तर म्हणे तो वरचं खायला लागला. पाच महिन्यांचा पोर! आजकालच्या आयांना कशाची घाई असते कोण जाणे. डबा मी शिपायाला देऊन टाकला. नंतर वाटलं, कशाला दिला, आणि परत जाऊन मागून घेतला. तो माझ्याकडे बघतच राहिला.

८ फेब्रुवारी, गुरुवार

साहेबांकडे गेले. साहेब म्हणजे आमच्या विभागाचे मुख्य. गोरेगोमटे, हसरे, आणि कुठलीही वाईट बातमी आली की खुर्ची मागे ढकलून बसतात, जणू ती बातमी चावेल.

मी म्हटलं, थोरलीला वास येतोय.

त्यांनी प्रयोगशाळेचे आकडे पुढे सरकवले. स्निग्धांश बरोबर, ओलावा बरोबर, जंतू नाहीत.

"रबराची तपासणी असते का यात?"

"दुधात रबर कशाला असेल, ताई?"

"तेच मी विचारतेय."

हसले. मग जपून, लहान मुलाला समजावावं तसं म्हणाले, "नमुना थोरलीशी जुळतो की नाही?"

"जुळतो."

"मग?"

मग काय! मला नीट सांगताच येईना. बाहेर आल्यावर सुचलं, आणि मग जिना उतरताना स्वतःशीच भांडत होते. अहो, रोज बघणाऱ्याला पोर वाढलेलं कळत नाही. चार महिन्यांनी आलेल्या आत्याला दारातच कळतं. काका आणि बदलीवर बसलेले लोक रोज थोरली चाखत होते. ती केसाएवढी बिघडली, माल केसाएवढा बिघडला, दोन्ही जुळले. त्या मालातून नवी थोरली आली. परत तेच. मापच घसरत गेलं आणि सगळे त्याच्याबरोबर घसरले. मी पाय मोडून घरी पडले होते म्हणून तेवढी वर राहिले.

पण हे सिद्ध कसं करू? जुनी, चांगली थोरली आता फक्त माझ्या डोक्यात आहे. चार महिन्यांपूर्वीचा सीलबंद डबा गोदामातून मिळतोय का पाहिलं, तर साहेबांचं उत्तर तयार, "जुन्या पावडरीची चव बदलतेच की." खरंय ते. मीच शिकवलंय त्यांना.

१० फेब्रुवारी, शनिवार

सुट्टी. वन्संनी माझी परीक्षा घेतली. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण, जन्मभर इंग्रजी शिकवलं, आता आमच्याकडे राहतात आणि विद्यार्थी नाहीत म्हणून आम्हाला शिकवतात.

माझ्या डोळ्यांवर पंचा बांधला आणि स्वयंपाकघरात एकेक वस्तू नाकाखाली धरली. साखर, मीठ (मिठाला वास असतो, कुणी काही म्हणो), जुनी वही, नवी वही, ह्यांचं घड्याळ दुरुस्तीचं तेल, ह्यांची बनियन. बनियन मी दारातूनच ओळखली. मग दोन पेले दिले, यातलं ताजं दूध कुठलं ते सांग.

"दोन्ही एकच," मी म्हटलं.

"चूक!"

माझा चेहरा पडला असणार, कारण हे एकदम म्हणाले, "ताई, छळू नकोस तिला." मग वन्सं हसल्या. दोन्ही पेले एकाच पातेल्यातले होते. ठामपणे चूक म्हटलं की पोरं आपलं बरोबर उत्तर बदलतात का, हे त्या वर्गात असंच बघायच्या म्हणे.

"आणि बदलायची?"

"बहुतेक सगळी. तू नाही बदललंस, पण रडकुंडीला आलीस."

मग मी शिपायाकडून परत घेतलेला डबा काढला. त्यातलं कालवून सगळ्यांना दिलं. ह्यांना काहीच लागलं नाही, ह्यांना तर करपलेलंही लागत नाही. वन्संनी दोन घोट घेतले, तोंड वाकडं केलं, म्हणाल्या, "मला नक्की सांगता येत नाही. पण मी तान्ह्याला देणार नाही." एवढंच. मला मात्र आज पहिल्यांदा भूक लागली.

११ फेब्रुवारी, रविवार

आमच्या रोजच्या तक्त्याच्या तळाशी एक रकाना आहे. कारखाना सुरू झाला तेव्हा कुणा परदेशी सल्लागाराने तो तक्ता छापून दिला, तो तसाच चाललाय. रकान्यावर इंग्रजीत 'डिसेंट' लिहिलंय. तो कधी भरलेला मी पाहिला नाही. साहेबांच्या खोलीत तर ढाल टांगलीय, इतक्या वर्षांचं अखंड एकमत म्हणून. नव्या माणसाला आम्ही सांगतो, ही रेघ सोडून दे, खाली सही कर.

आज चहाच्या वेळी वन्संना विचारलं, "डिसेंट म्हणजे नक्की काय हो? भांडण?"

प्रश्न विचारला आणि पस्तावले, असं नेहमी होतं. पण आज नाही पस्तावले.

"कोशात बघितलंस तर मतभेद, असहमती, विरोध असं मिळेल," वन्सं म्हणाल्या. "पण शब्द मुळात लॅटिन. 'डिस' म्हणजे वेगळं, फुटून. आणि 'सेंतीरे' म्हणजे जाणवणं. इंद्रियांना कळणं, मनाला वाटणं, दोन्ही त्यात आलं."

"म्हणजे डिसेंट म्हणजे..."

"वेगळं जाणवणं. बस. भांडण, आरडाओरडा, मोर्चे हे सगळं नंतरचं."

मी कप खाली ठेवला.

"त्याच घरातला कन्सेंट. एकत्र जाणवणं. आपण संमती म्हणतो," त्यांना आता कुणी अडवू शकत नव्हतं. "सेन्स त्यातलाच, सेंटिमेंट त्यातलाच. आणि ऐक, सेंट! वास. तोही त्याच सेंतीरेपासून, फ्रेंचमधून फिरून आलेला. त्यातलं सी अक्षर पुढे कुणीतरी उगाच घुसवलं, का ते आजवर कुणाला सांगता आलेलं नाही."

"वास आणि डिसेंट एकाच घरातले?"

"सख्खे नसले तरी चुलत नक्कीच."

मी हसत सुटले. हे बाहेरून धावत आले, म्हणाले काय फुटलं?

पुढे वन्संनी सांगितलं की इंग्लंडात एके काळी राजाच्या चर्चमध्ये बसायला तयार नसलेल्यांना डिसेंटर म्हणायचे, त्यांना दंड व्हायचा, तुरुंग व्हायचा. आणि न्यायाधीशांतही एखाद्याला बाकीच्यांचा निकाल पटला नाही तर तो आपलं वेगळं लिहून ठेवतो, त्यालाही डिसेंटच म्हणतात. लिहून काय होतं, निकाल तर बदलत नाही, मी विचारलं. "त्या वेळी नाही बदलत. पण सगळ्यांना तसंच वाटलं होतं असं नंतर कुणाला म्हणता येत नाही," वन्सं म्हणाल्या.

भांडी घासताना डोक्यात तेच. आपल्याकडचे शब्द बघा, मतभेद, एकमत, सहमत, सगळा मताचा कारभार. मत बदलता येतं. साहेब खुर्ची पुढे ओढून दोन गोड शब्द बोलले की माझं मतसुद्धा डळमळतं, खोटं कशाला बोलू. पण जे घशात जाणवलं ते कसं बदलू? तिथे माझंही काही चालत नाही.

उद्या रकाना भरणार.

१२ फेब्रुवारी, सोमवार

भरला.

'नमुना थोरलीशी जुळतो. थोरलीच बिघडली आहे. शेवटी रबराचा वास जाणवतो. माल बाहेर जाऊ नये.' खाली सही. शाळकरी पोरीसारखी आली. पण माझीच आहे.

काका तक्ता बघून मटकन खाली बसले. "अगं काय केलंस हे?" धाकटी कितीतरी वेळ त्या रकान्याकडे बघत होती, मला वाटलं तिला अक्षर लागत नाही, म्हणून मी मोठ्याने वाचून दाखवलं. तिने मान खाली घातली. नाजूक आहे पोरगी, तिला असली वादावादी सोसत नसावी.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

साहेबांनी बोलावलं. आज हसणं नाही.

"डिसेंट नमुन्यावर करता येतो, ताई. मापावर करता येत नाही. नमुना जुळतो असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे तिघांचं एकमत आहे. तुमची नोंद आम्ही बाद धरतोय."

"माप बिघडलं असेल तर?"

"माप बिघडलं की नाही ते ठरवायला माप लागतं ना?"

याला बुद्धी म्हणायचं की निर्लज्जपणा, मला ठरवता येईना. वर म्हणाले, हा शिस्तीचा प्रश्न आहे, इतक्या वर्षांत कुणी विरोध केला नाही. मी म्हटलं, साहेब, मी विरोध करत नाहीये, मला वेगळं जाणवलंय, त्या शब्दाचा अर्थच तो आहे, हवं तर आमच्या वन्संना विचारा. वन्संचं नाव काढायला नको होतं. साहेबांनी ताबडतोब मला कान-नाक-घशाच्या डॉक्टरची चिठ्ठी दिली. नाकाची तपासणी होईपर्यंत चाखायला बसायचं नाही.

पाणी प्यायला बाहेर आले तर काका उभे. खिशातून पेपरमिंट काढून मलाही एक देऊ केली. "घे पोरी. नोकरीला बरी असते." दाढेच्या दुखण्याचा आणि नोकरीचा काय संबंध, देव जाणे. पण जीव आहे माझ्यावर. घेतली नाही, रागात होते.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

लिहायचं नव्हतं, पण लिहिते. वास ओळखायच्या तपासणीत मी कमी पडले.

फार नाही. डॉक्टर तरुण आहे, भला आहे, म्हणाला वयाच्या मानाने चांगलंच आहे, पण पूर्वीसारखं नाही. तीक्ष्णता उतरलीय, आणि अशीच हळूहळू उतरत जाणार. मी त्याला थँक्यू म्हटलं. रिक्षात बसल्यावर रडले. रिक्षावाला आरशातून बघत होता, मी म्हटलं पुढे बघून चालवा.

घरी ह्यांना सांगितलं. त्यांनी चहा केला. बिनसाखरेचा झाला होता, पण मी सांगितलं नाही. म्हणजे हरले की काय मी? साहेबांना हवा होता तसा कागद मीच आणून देणार त्यांच्या हातात.

आणि मग भांडी लावताना हातातली वाटी तशीच राहिली. अरे! उतरलेल्या नाकालासुद्धा जो वास येतोय, तो ज्यांची नाकं शाबूत आहेत त्यांना येत नाही? कसं शक्य आहे? वन्संना ओरडून सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे त्यांच्यासमोर बोल, माझ्या कानात नको."

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

तेच जाऊन बोलले. साहेब म्हणाले, "बाकी दोघांना येत नाही, याचा अर्थ वास नाही." खुर्ची मागे. सोमवारी दुसऱ्या कारखान्यातून नवीन बाई येणार, मी तिला कपाटाची किल्ली आणि थोरली सोपवायची, तिचा सूर लावून द्यायचा आणि पॅकिंग विभागात जायचं. तोवर अडलेला माल सोमवारी दुपारी ट्रकमध्ये चढणार.

सूर लावून द्यायचा! म्हणजे त्या बिचारीच्या जिभेलाही मीच शिकवायचं, की चव असते ती हीच.

संध्याकाळी ह्यांचं औषध घ्यायला दुकानात गेले तर पुढे धाकटी उभी. बाळ कडेवर. दुकानदाराने तिच्यापुढे दुधाच्या पावडरीचा डबा ठेवला. आमचा नव्हे, दुसऱ्या कारखान्याचा. तिने वळून मला बघितलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

एवढी मी मूर्ख! वरचं खातो म्हणे!

बाहेर फुटपाथवर तिला उभं केलं. "कधीपासून?"

"रजेवरून आल्यापासून, ताई. पहिल्याच दिवशी मला लागलं. काका म्हणाले, थोरली आहे ती, थोरलीला कसा वास येईल. मग मी पण 'जुळतो' लिहिलं."

"आणि मी रकाना भरला तेव्हा?"

"याच्या बाबांचं काम सुटलंय. मी एकटीच कमावतेय." बाळाने माझा चष्मा ओढला, तिने त्याचा हात सोडवला. "माझं नाव नका घेऊ, ताई. पाया पडते."

मला तिच्या कानाखाली द्यावीशी वाटली. खरंच वाटली. आपल्या पोराला दुसरा डबा आणि दुसऱ्यांच्या पोरांना हा! बोललेसुद्धा तसं, रस्त्यात, लोक वळून बघेपर्यंत. ती बाळाला थोपटत राहिली. मग म्हटलं, जा घरी, बाळाला गार लागेल.

नाव नाही घेणार. माझं नाक आहे, माझं नाक मी वापरीन. पण ती सही तिला झोपू देत नसेल, एवढं तिच्या डोळ्यांवरून कळलं. एकत्र जाणवणं म्हणे! कसली संमती आणि कसलं एकमत. जाणवलं दोघींना, लिहिलं एकीने.

१९ फेब्रुवारी, सोमवार

सगळं नीट लिहायला हवं, उद्या विचारतील.

सकाळी नवीन बाई आली. चांगली वाटली, नीटनेटकी, नखं कापलेली. साहेब स्वतः हजर, सोबत काका आणि धाकटी. खिडकीतून खाली ट्रक दिसत होते, मागचे दरवाजे उघडून ठेवलेले.

मी कपाट उघडलं. थोरलीचा डबा काढला, टेबलावर ठेवला, झाकण उघडलं.

"द्या त्यांच्याकडे," साहेब म्हणाले.

"देते ना. एक मिनिट."

मी डबा उचलला आणि चाखायच्या खोलीतल्या बेसिनशी गेले. आदल्या दिवशी ठरवलं होतं का? नाही. शनिवार-रविवार मी फक्त राजीनाम्याचा विचार करत होते. पण डबा हातात आला आणि मला कळलं की हिच्याशी जुळवत बसलो तर ही सगळी माणसं आयुष्यभर बरोबरच ठरणार आहेत. मी डबा उपडा केला.

पावडर हलकी असते, धुरळा उडाला. साहेब ओरडले, "ताई! अहो, काय करताय!" पावडर बेसिनमध्ये ढिगासारखी बसली, जाईना. डबा माझ्या डाव्या हातात आणि उजवा काठीवर, नळापर्यंत हात पोचेना. दुखऱ्या पायाने मी तशीच वाकडी उभी.

धाकटी पुढे आली. तिने गरम पाण्याचा नळ सोडला. पूर्ण. मग बोटांनी ढीग फोडून दिला. पाणी पांढरं झालं, आणि त्या गरम वाफेत वास असा काही उठला की नवीन बाईने नाकाला पदर लावला आणि विचारलं, "रबर जळतंय का कुठे?"

काका "आलोच" म्हणून बाहेर गेले, ते दाढ धरून बसले असावेत, परत आलेच नाहीत.

साहेबांचा चेहरा लालबुंद. "तुम्ही पुरावा नष्ट केलात!"

"पुरावा? पुरावा गोदामात थप्प्या लावून पडलाय, साहेब. हवा तेवढा घ्या."

"नियम माहितीय ना तुम्हाला? मूळ नमुन्याशिवाय एक डबा बाहेर पाठवता येत नाही!"

"मीच शिकवते तो नियम नव्या माणसांना."

ते बेसिनकडे बघत राहिले. मग अगदी हताश आवाजात, खरोखरच उत्तर हवं असल्यासारखे म्हणाले, "आता जुळवायचं कशाशी?"

"दोन आठवडे मी हेच विचारतेय तुम्हाला."

किल्ली टेबलावर ठेवली. जिना उतरताना गुडघ्याने जीव खाल्ला, पण खाली आले तेव्हा हमाल ट्रकचे दरवाजे लावत होते. रिकामे.

२० फेब्रुवारी, मंगळवार

निलंबन. फोनवरूनच कळवलं. उद्या दहाला चौकशी.

दिवसभर घरात येरझाऱ्या. मी चुकले असेन तर? असेन. मग तपासा, यंत्र उघडून त्यातली रबरं बघा, बाहेरच्या चार नाकांसमोर ठेवा आणि मला तोंडावर सांगा की चुकलीस. ऐकून घेईन. पण न चाखता मला कुणी बरोबर-चूक ठरवायचं नाही, आणि ते बाळ तर बोलूही शकत नाही, ते जे देऊ ते गिळतं.

ह्यांनी विचारलं, काढून टाकलं तर काय करशील? म्हटलं, तुमच्या बनियनी हुंगीन. हसले, मग जवळ बसून राहिले बराच वेळ. घाबरलेत ते. मीही घाबरलेय.

पाचच्या सुमारास बेल वाजली. धाकटी, कडेवर बाळ. आत यायला तयार नव्हती, वन्संनी दटावून आत घेतलं. तिला साहेबांनी आजच खोलीत बसवून विचारलं होतं. नळ कुणाच्या सांगण्यावरून सोडलास? ताईंनी धमकावलं होतं का? तसं लिहून दे, तुझं काम राहील.

"मग?" मी विचारलं.

"मी म्हटलं, मला द्या तो तक्ता, लिहूनच देते." तिने बाळाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "रजेनंतरच्या माझ्या पहिल्या दिवसाचा तक्ता काढायला लावला. त्यावर माझी 'जुळतो'ची सही होती. तिच्या वरती तो रिकामा रकाना. तिथे लिहिलं, मला पहिल्या दिवसापासून वेगळं जाणवत होतं. आणि आजची तारीख घातली."

वन्सं माझ्याकडे बघायला लागल्या. मी मान हलवली, मी तिला त्या शब्दाबद्दल कधी काही सांगितलेलं नव्हतं.

"घरी सांगितलंस?" मी विचारलं.

"नाही अजून. इथून जाऊन सांगते." तिने बाळाचं टोपडं सारखं केलं. "ताई, उद्या मलाही दहालाच बोलावलंय. तुम्ही याल ना मला घ्यायला? एकटीने तो जिना चढवणार नाही मला."

"माझा पाय असा, मीच तुला धरून चढणार आहे," मी म्हटलं.

बाळ वन्संच्या मांडीवर झोपलं. साडेनऊला निघायचं ठरलंय.